तुमचं १.१ आणि त्यांचं १.३

पत्र (थोडं आटोपशीर करून):

"डॉक्टरताई, सप्रेम नमस्कार. मी ५७ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. गाव कराडजवळ. गेल्या महिन्यात मिस्टरांच्या (वय ६०, शुगर आहे) तपासण्या करायच्या होत्या. लॅबमध्ये जोडीचं पॅकेज होतं म्हणून माझ्याही झाल्या. त्यांचं क्रिएटिनिन १.३ आलं. घर हादरलं. मुलाने पुण्यात किडनीच्या डॉक्टरांची वेळ घेतली, लोणचं-पापड बंद झाले. माझं १.१ आलं, नॉर्मलमध्ये बसतंय म्हणून कागद कपाटात गेला. पण त्याच कागदावर खाली ईजीएफआर ५९ लिहिलंय, आणि त्यांच्या कागदावर ६३. माझं क्रिएटिनिन कमी असून हा आकडाही कमी कसा? नेहमीच्या डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, 'वयाचं आहे, बायकांचं असं असतंच.' माझं वजन ४६ किलो. बीपीची गोळी सहा वर्षं आहे, मधून मधून राहते. गुडघ्यांसाठी गोळी घेते. उन्हाळी वरचेवर लागते. दुसऱ्या बाळंतपणात बीपी वाढून अंग सुजलं होतं, मुलगी आठव्या महिन्यात झाली, पण त्याला आता ३० वर्षं झाली.

दुसरं, माझ्या धाकट्या बहिणीचे मिस्टर डायलिसिसवर आहेत. किडनी तीच देणार हे सासरी गृहीत आहे. ती ४९ वर्षांची. दोन दीर आहेत, मुलगा २४ वर्षांचा आहे, पण त्यांचं नाव कोणी काढत नाही. तिने काय करावं?"

ताई, नमस्कार.

तुम्हाला पडलेला प्रश्न अगदी बरोबर आहे आणि डॉक्टरांचं उत्तर अर्धंच बरोबर आहे. ३० वर्षं मी लॅबमध्ये बसून अशाच कागदांवर सह्या केल्या, म्हणून आधी कागदाचंच सांगते.

क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंचा कचरा. स्नायू रोज साधारण ठरावीक कचरा टाकतात आणि किडनी तो लघवीवाटे बाहेर काढते. आता दोन घरं डोळ्यांसमोर आणा. एका घरात सहा माणसं, दुसऱ्यात तीन. दोन्ही दारांपुढे सारखाच ढीग साचलेला दिसला, तर घंटागाडी कुठल्या दारी जास्त खाडे करतेय? तीन माणसांच्या. पुरुषाच्या अंगात स्नायू जास्त, त्यामुळे त्याच्या रक्तात १.१ किंवा १.२ असणं साधी गोष्ट असते. ४६ किलोच्या बाईच्या रक्तात १.१ असेल, तर कचरा मुळात कमी निघत असूनही तो साचतोय.

ईजीएफआर हा हिशेब करूनच काढलेला आकडा असतो. किडनी मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळते, याचा तो अंदाज. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री की पुरुष, एवढं त्यात घालतात. मी सध्याच्या, म्हणजे २०२१ च्या, सूत्राने पडताळून पाहिलं. तुमचं १.१ आणि वय ५७, उत्तर ५९. मिस्टरांचं १.३ आणि वय ६०, उत्तर ६३. लॅबने बरोबर छापलंय. तुमच्याच वयाच्या पुरुषाचं क्रिएटिनिन तुमच्याइतकंच १.१ असतं, तर उत्तर ७८ आलं असतं. रक्तातला आकडा तोच, आणि गाळण्याच्या ताकदीत १९ चा फरक.

मग ते 'नॉर्मलमध्ये' कसं बसलं? याचा दोष माझ्यासारख्यांकडेही येतो. आमच्या लॅबच्या छापील फॉर्मवर कित्येक वर्षं क्रिएटिनिनपुढे एकच मर्यादा होती, ०.६ ते १.४, बाई असो की बुवा. मी त्याखाली सही करत होते. आता बऱ्याच लॅब स्त्रियांसाठी साधारण ०.६ ते १.१ आणि पुरुषांसाठी ०.७ ते १.३ अशा वेगळ्या मर्यादा छापतात. त्या हिशेबानेही तुम्ही दोघं अगदी उंबरठ्यावर आहात. तरी एकाचा कागद पुण्याला गेला आणि एकीचा कपाटात.

हे सगळं पहिल्यापासूनच पुरुषाच्या मापाने बेतलेलं आहे. क्रिएटिनिनवरून किडनीचं काम काढायचं एक सूत्र १९७६ साली कॅनडातल्या कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट या दोघांनी मांडलं. औषधांचे डोस ठरवताना ते अजूनही वापरलं जातं. त्यासाठी २४९ रुग्णांच्या तपासण्या पाहिल्या होत्या आणि ते जवळजवळ सगळे पुरुष होते. स्त्रियांचं काय? तर आलेल्या उत्तरातून १५ टक्के वजा करा. हे १५ टक्के स्त्रियांची मोजमापं घेऊन आलेले नव्हते, स्नायू कमी असतात म्हणून धरलेले होते. नवी सूत्रं हजारो स्त्री-पुरुषांच्या प्रत्यक्ष मोजमापांवर बेतलेली आहेत, त्यामुळे आता एवढी ओढाताण नाही. पण एक गंमत उरलीच आहे. ईजीएफआरपुढे '१.७३ चौरस मीटर' असं छापलेलं दिसेल. ते शरीराच्या पृष्ठभागाचं माप, आणि ते आलंय १९२० च्या दशकातल्या अमेरिकी तरुण-तरुणींच्या सरासरी अंगकाठीवरून. तुमच्यासारख्या ४६ किलोच्या बाईचं १.४ च्या आसपास भरेल. एखाद्या जोरकस औषधाचा डोस ठरत असेल, तेव्हा डॉक्टरांना वजन आवर्जून सांगा.

आणखी एक. तुम्ही सडपातळ आहात. स्नायू सरासरीपेक्षाही कमी असतील तर सूत्र फसतं आणि किडनी आहे त्याहून बरी दाखवतं. म्हणजे तुमचा खरा आकडा ५९ पेक्षा थोडा खाली असू शकतो. शंका राहिली तर 'सिस्टॅटिन सी' नावाची रक्ततपासणी असते. तिच्यावर स्नायूंचा फारसा परिणाम होत नाही. महाग आहे आणि सगळीकडे होत नाही, म्हणून ती पहिल्या दिवशी नको. डॉक्टरांनी सांगितली तरच करा.

आता घाबरू नका. ५९ हा आकडा एकदा आला म्हणजे किडनीचा आजार झाला असं नाही. ६० च्या खालचा आकडा तीन महिन्यांहून जास्त टिकला, किंवा किडनीला इजा झाल्याची दुसरी खूण सापडली, तरच जुनाट आजार म्हणतात. त्या दिवशी तुम्ही उपाशीपोटी, पाणी न पिता लॅबमध्ये बसला असाल, आदल्या रात्री मटण झालं असेल, जुलाब झाले असतील, तर क्रिएटिनिन चढतं. तपासणी पुन्हा करायची, आणि तिच्यासोबत लघवीची 'एसीआर' तपासणी करायची. तुमच्या दोघांच्या पॅकेजात ती नव्हती. बहुतेक पॅकेजांत नसते, आणि नेमकी तीच महत्त्वाची. किडनीच्या गाळणीतून अल्ब्युमिन नावाचं प्रथिन झिरपतंय का, ते त्यात कळतं. ३० च्या आत असेल तर बरं, ३० ते ३०० म्हणजे गाळणी झिरपू लागलीय, त्याच्या वर असेल तर किडनीचा डॉक्टर गाठायचा. मिस्टरांना शुगर आहे, त्यांचीही दरवर्षी व्हायला हवी. त्यांचं एसीआर चांगलं आणि तुमचं वाईट निघालं, तर पुण्याच्या त्या वेळेवर तुमचा हक्क आधी.

'वयाचं आहे' यातलं अर्धं खरं एवढंच, की चाळिशीनंतर गाळण्याची ताकद वर्षाला साधारण एकेक अंकाने उतरते. ७८ वर्षांच्या आजींचा ईजीएफआर ५९ आहे आणि लघवीत प्रथिन नाही, तर मीही त्यांना निवांत झोपा म्हणेन. तुम्ही ५७ च्या आहात. आणि 'बायकांचं असं असतंच' याला शास्त्रात काही आधार नाही.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत आणि 'पण त्याला ३० वर्षं झाली' म्हणून पुसूनही टाकलीत. गरोदरपणात बीपी वाढणं, अंगावर सूज, मूल दिवसांआधी होणं, हे सगळं मिळून प्रीएक्लॅम्प्सियाचं चित्र दिसतं. बाळंतपण झालं, सूज उतरली, सगळे विसरले. पण ज्या बाईला हे होऊन गेलं, तिला पुढच्या आयुष्यात बीपी, हृदयविकार आणि किडनीच्या आजाराचा धोका इतर बायकांहून जास्त राहतो. पन्नाशीतल्या बाईला 'बाळंतपणात बीपी वाढलं होतं का?' असं विचारणारे डॉक्टर मी फार थोडे पाहिले. तुमचं एकाहत्तरीचं बीपी नाही, पन्नाशीच्या सुरुवातीलाच गोळी लागली. त्याचं मूळ त्या आठव्या महिन्यात असू शकतं. फाइलच्या पहिल्या पानावर ते लिहून ठेवा.

आणि मुलीलाही सांगा. आईला झालेलं असलं की मुलीला होण्याची शक्यता वाढते. तिला दिवस जातील तेव्हा पहिल्याच भेटीत तिने हे बोलावं. गरोदरपणात किडनी जवळपास दीडपट वेगाने गाळते, त्यामुळे क्रिएटिनिन एरवीपेक्षा बरंच खाली, ०.४ ते ०.८ मध्ये असतं. गरोदर बाईच्या रिपोर्टवर ०.९ किंवा १ दिसलं तर 'नॉर्मल' म्हणून पुढे जायचं नाही.

आता गोळ्या. गुडघ्याची कोणती घेता ते लिहिलं नाहीत, पण बहुतेक डायक्लोफिनॅक किंवा ॲसिक्लोफिनॅक असणार. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो तीच. या गोळ्या किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा आवळतात. बीपीच्या पाकिटावर नावापुढे 'एच' आहे का ते पाहा, उदाहरणार्थ 'टेल्मिसार्टन-एच'. तो 'एच' म्हणजे लघवी जास्त करवणारं औषध. टेल्मिसार्टन, त्यातला 'एच' आणि वरून दुखण्याची गोळी, असं तिन्ही एका पोटात गेलं आणि त्यात उन्हाळा असला किंवा जुलाब झाले, तर चांगली किडनीसुद्धा दोन-चार दिवसांत बसू शकते. म्हणून दुखण्याची गोळी आजपासून बंद. ठणका फारच असला तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल, बाकी शेक आणि मांड्यांचे व्यायाम. बीपीची गोळी मात्र एकही दिवस चुकवायची नाही. टेल्मिसार्टन-लोसार्टन या जातीच्या गोळ्या बीपी उतरवतातच, शिवाय लघवीतून प्रथिन जाणंही कमी करतात. 'मधून मधून राहते' हे वाक्य पुढच्या पत्रात दिसायला नको. मिस्टरांची शुगरची गोळी राहते का कधी? नाही ना? ती कोण काढून देतं?

उन्हाळीबद्दल. बाईची मूत्रनलिका जेमतेम ३-४ सेंटिमीटर, पुरुषाची २० च्या आसपास. जंतूंना बाईच्या मूत्राशयापर्यंतचा रस्ता जवळचा, म्हणून जवळपास निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी उन्हाळी लागते. पण तुमच्या बाबतीत शाळा हेही एक कारण आहे. मी किती शिक्षिका पाहिल्यात, ज्या सकाळी घरून निघताना घोटभर चहा घेतात आणि संध्याकाळपर्यंत पाण्याला शिवत नाहीत, कारण शाळेत धड मुतारी नाही. २०११ साली मुंबईत बायकांनी 'राइट टू पी' नावाची मोहीम उभी केली. तिच्या नावाला तेव्हा पुष्कळ लोक हसले होते. हसणाऱ्यांना बहुधा भिंत पुरत असावी.

साध्या उन्हाळीने सहसा किडनी खराब होत नाही, ही भीती काढून टाका. पण थंडी वाजून ताप येत असेल, कमरेच्या वर पाठीत दुखत असेल, किंवा वर्षातून तीनदा होत असेल, तर दर वेळी तीच अँटिबायोटिक विकत आणून गिळायची नाही. लघवीचं कल्चर आणि एक सोनोग्राफी करून घ्या. पाळी गेल्यावर तिथली त्वचा कोरडी आणि नाजूक होते, त्यानेही जंतुसंसर्ग वाढतो. त्यासाठी योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम मिळतं आणि त्याचा चांगला उपयोग होतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना सरळ विचारा, लाजू नका. एसीआरची लघवी मात्र उन्हाळी असताना देऊ नका, आकडा खोटा वाढलेला येतो.

बायकांची किडनी पुरुषांहून कमकुवत असते का, असंही कुणी विचारेल. तसं नाही. जगभर पाहिलं तर जुनाट किडनी-आजाराच्या मोजणीत बायका जास्त, आणि डायलिसिसपर्यंत पोचणारे पुरुष जास्त. बायका जास्त जगतात, म्हणून त्या मोजणीत जास्त सापडतात. ल्युपस हा किडनीला धरणारा आजार दहा रुग्णांमागे नऊ बायकांना होतो. उलट बहुतेक किडनी-आजार पुरुषांत वेगाने पुढे सरकतात. पाळी असेपर्यंत इस्ट्रोजेन थोडं राखण करत असावं, असा अंदाज आहे. मुतखडा आणि प्रोस्टेट ही पुरुषांची आणखी दोन दुखणी. पण आपल्याकडे डायलिसिसच्या खुर्च्यांवर बायका कमी दिसतात, ते सगळं इस्ट्रोजेनच्या खात्यावर टाकता येणार नाही. आठवड्यातून दोन-तीनदा कुणीतरी गाडी काढून न्यायचं असतं आणि चार तास बसायचं असतं. बाईसाठी ते कोण करतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. २०१८ साली जागतिक किडनी दिन नेमका ८ मार्चला, महिला दिनाच्या दिवशीच आला होता. त्या वर्षी विषयही स्त्रिया आणि किडनी हाच होता आणि जगात १९.५ कोटी बायकांना हा आजार असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. भाषणं छान झाली.

औषधांचंही तसंच. किडनी जपणाऱ्या नव्या गोळ्या आल्यात, डापाग्लिफ्लोझिन वगैरे, शुगरवाल्यांना आता सर्रास देतात. मिस्टरांना बहुधा सुचवतीलच. या गोळ्यांच्या तीन मोठ्या चाचण्यांत बायका जेमतेम एक तृतीयांश होत्या. गुण बायकांनाही येतो. फक्त लघवीच्या जागी बुरशीची खाज हा त्रास बायकांना जास्त होतो, आणि मग त्या कुणाला न सांगता गोळी सोडून देतात. पुढेमागे तुम्हाला दिली, तर खाजेवर साधं मलम असतं एवढं लक्षात ठेवा.

बहिणीचं लिहिताना मी दोनदा थांबले.

आधी आकडे. राष्ट्रीय प्रत्यारोपण संस्थेच्या नोंदींप्रमाणे १९९५ ते २०२१ मध्ये आपल्या देशात ३६,६४० अवयव-प्रत्यारोपणं झाली. त्यातली २९ हजारांहून जास्त पुरुषांना आणि ६,९४५ बायकांना. आणि जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत पाचातल्या चार बायका. किडनी निकामी होणारे पुरुष जास्त, म्हणून देणाऱ्या बायका जास्त, हे काही अंशी खरं. पण एवढी तफावत त्याने भरून निघत नाही. उरलेलं उत्तर तुमच्याच पत्रात आहे: 'त्यांचं नाव कोणी काढत नाही.'

किडनी देणं वाईट नाही. एका किडनीवर माणूस नीट जगतो, आणि नवऱ्याला मनापासून देऊन आनंदात असलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. पण देणाऱ्याला पुढे स्वतःची किडनी निकामी होण्याचा धोका थोडा का होईना वाढतो, म्हणून आधी तिची तपासणी तिच्यासाठी व्हायला हवी. बीपी, शुगर, एसीआर, ईजीएफआर. आणि तुम्ही सख्ख्या बहिणी, तेव्हा तिच्याही बाळंतपणांची चौकशी करा. तिला त्या वेळी बीपीचा त्रास झाला असेल, तर ते प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. कायद्याने नवरा-बायको, आईवडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा आणि नातवंडं हे जवळचे नातेवाईक. म्हणजे तिचे दोन्ही दीर यादीत तिच्या बरोबरीनेच आहेत. रक्तगट तरी तपासा, असं त्यांना म्हणणं म्हणजे भांडण नव्हे. मृत व्यक्तीच्या किडनीसाठीही हॉस्पिटलमार्फत पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे नाव नोंदवता येतं. प्रतीक्षा लांबलचक असते, म्हणून नोंद आजच करावी. डायलिसिस चालू आहे तोवर घाईने कुणाच्या पोटावर सुरी चालवायची गरज नसते.

मंजुरीच्या वेळी हॉस्पिटलमधले मंजुरी देणारे अधिकारी किंवा समिती देणाऱ्याला प्रश्न विचारतात. बहिणीने डॉक्टरांना सांगावं, 'मला एकटीला बोलायचंय.' सासूबाई बाहेर, नवरा बाहेर. मनात नसेल तर तिथे नाही म्हणता येतं, आणि चांगले डॉक्टर बाहेर येऊन 'यांची किडनी चालणार नाही' एवढंच सांगतात. खरं कारण घरी कळवण्याची त्यांच्यावर सक्ती नाही.

पण ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सासरचे काय म्हणतात ते त्यात आहे, दीर काय म्हणत नाहीत ते आहे, तुमची काळजीही आहे. बहिणीला स्वतःला काय वाटतं, ते एका ओळीतही नाही. तिला विचारलंत का? मला लिहायचं असेल तर पुढचं पत्र तिने लिहावं. आणि तुमच्या पत्रासोबत एसीआरचा कागद जोडा, सकाळच्या पहिल्या लघवीचा.

— डॉक्टरताई